अर्निंग्ज गाइडन्स आणि सेमीकंडक्टर समभाग

कंपनीच्या व्यवस्थापनाने येत्या तिमाहीतील किंवा वर्षातील महसूल, नफ्याचे प्रमाण आणि भांडवली खर्च यांविषयी जाहीरपणे मांडलेल्या अंदाजास अर्निंग्ज गाइडन्स म्हणतात. अमेरिकेत असा अंदाज देण्याची सक्ती नाही. मात्र सावधगिरीच्या इशाऱ्यासह केलेल्या भविष्यविषयक विधानांना १९९५ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे, आणि महत्त्वाची माहिती निवडक विश्लेषकांना आधी सांगण्यास २००० पासून मनाई आहे.

सेमीकंडक्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपच्या, उद्योगात या अंदाजाला सरलेल्या तिमाहीच्या निकालापेक्षा बहुधा अधिक वजन असते. चिप तयार होण्यास काही महिने लागतात. त्यामुळे आजचा महसूल हा जुन्या मागणीचा हिशेब असतो. टंचाईच्या काळात ग्राहक गरजेपेक्षा जास्त मागण्या नोंदवतात आणि साठा भरताच हात आखडता घेतात. शिवाय फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, उभारण्यास अब्जावधी डॉलर लागतात व यंत्रांचा घसारा, म्हणजे त्यांच्या किमतीचा दरवर्षी खर्चात धरला जाणारा हिस्सा, उत्पादन घटले तरी चालूच राहतो. साहजिकच महसुलाच्या अंदाजातील थोड्याशा घटीनेही नफ्याचा अंदाज मोठ्या प्रमाणात खाली येतो.

चिपची रचना करणाऱ्या अमेरिकेच्या एन्व्हिडिया कंपनीने २४ मे २०२३ रोजी बाजार बंद झाल्यावर ७.१९ अब्ज डॉलरचा तिमाही महसूल जाहीर केला. बाजार हलला तो पुढील तिमाहीच्या आकड्याने: ११ अब्ज डॉलर, दोन टक्के अधिक-उणे. विश्लेषकांची अपेक्षा सुमारे ७.२ अब्जांची होती, आणि दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे २४ टक्के वधारला. याच कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये ३२.५ अब्जांचा अंदाज दिला, तो विश्लेषकांच्या अंदाजांच्या सरासरीहून सरस होता, तरीही समभाग सहा टक्क्यांहून अधिक घसरला. छापील सरासरीच्या पलीकडे गुंतवणूकदारांनी मनाशी धरलेली आणखी एक, न लिहिलेली अपेक्षा असते आणि भाव तिच्याशी ताडला जातो, एवढाच याचा उलगडा करता येतो.

प्रत्येक पडझडीचे खापर मात्र अंदाजावर फोडता येत नाही. २ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकी चिपनिर्माती इंटेलचा समभाग सुमारे २६ टक्के कोसळला, तेव्हा अपेक्षेहून कमी महसुलाच्या अंदाजाबरोबरच लाभांश स्थगिती आणि मोठी नोकरकपातही आदल्या दिवशी जाहीर झाली होती. त्यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

एका कंपनीचा अंदाज पुरवठा साखळीतील इतरांनाही लागू पडतो. तैवानची टीएसएमसी अनेक कंपन्यांसाठी चिप घडवते, म्हणून तिच्या भांडवली खर्चाच्या अंदाजात चिपनिर्मितीची उपकरणे बनवणारे स्वतःच्या भावी मागण्या वाचतात. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी अशीच उपकरणे बनवणाऱ्या नेदरलँड्सच्या एएसएमएलचे निकाल तांत्रिक चुकीमुळे एक दिवस आधीच प्रसिद्ध झाले. २०२५ च्या विक्रीचा ३० ते ४० अब्ज युरोंचा पट्टा त्यात ३० ते ३५ अब्जांवर आणला होता. खालची मर्यादा तीच होती, फक्त वरची कापली होती. तिमाहीत नोंदलेल्या मागण्याही अपेक्षेच्या निम्म्याहून कमी भरल्या. एएसएमएलचा समभाग सुमारे १६ टक्के पडला, आणि त्या दिवशी स्वतःचे कोणतेही निकाल जाहीर न केलेल्या लॅम रिसर्च व केएलए या अमेरिकी उपकरणनिर्मात्यांचे समभागही दहा टक्क्यांहून अधिक खाली आले.