व्हिज्युअल स्टुडिओ आणि डॉट नेट फ्रेमवर्क

मायक्रोसॉफ्टच्या या दोन उत्पादनांची नावे जोडीने घेतली जातात आणि नवशिक्यांना ती बरीच वर्षे एकच वाटत राहतात. व्हिज्युअल स्टुडिओ हे प्रोग्रॅम लिहिण्याचे, तपासण्याचे आणि त्यातल्या चुका शोधण्याचे साधन. डॉट नेट फ्रेमवर्क ही तयार प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा. पहिल्याची गरज फक्त प्रोग्रॅमरला असते. दुसरी ग्राहकाच्या संगणकावरही असावी लागते.

गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी कंपनीच्या नामकरणात आहे. व्हिज्युअल स्टुडिओ १९९७ पासून, म्हणजे डॉट नेटच्या आधीपासून बाजारात होता. २००२ साली फ्रेमवर्कची १.० आवृत्ती आली, तेव्हा नव्या स्टुडिओचे नावच ‘व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट’ ठेवले गेले. शिवाय त्या काळी प्रत्येक स्टुडिओ एकाच फ्रेमवर्कला बांधलेला होता : २००२ चा १.० ला, २००३ चा १.१ ला, २००५ चा २.० ला. स्टुडिओ बसवला की फ्रेमवर्क आपोआप बसे, त्यामुळे दोन्ही वेगळी आहेत हे कळायचे काही कारणच नव्हते.

फ्रेमवर्कचे मुख्य भाग दोन. एक, कॉमन लँग्वेज रनटाइम, म्हणजे सीएलआर : प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारा भाग. सी शार्प किंवा व्हीबी डॉट नेट या प्रोग्रॅमिंग भाषांतील मजकुराचे कंपायलर (म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) थेट यंत्रभाषेत रूपांतर करत नाही; तो आयएल नावाची मधली भाषा तयार करतो. प्रोग्रॅम चालताना सीएलआर त्या आयएलचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि वापरून झालेली मेमरीही मोकळी करतो. दुसरा भाग तयार क्लासेसच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या आयत्या तुकड्यांच्या, लायब्ररीचा : फाइल वाचणे, डेटाबेसशी बोलणे, खिडक्या आणि बटणे दाखवणे वगैरे. फ्रेमवर्कच्या फोल्डरमध्ये ‘सीएससी’ हा सी शार्पचा कंपायलरही असतो. त्यामुळे नोटपॅडमध्ये प्रोग्रॅम लिहून, स्टुडिओला हातही न लावता, तो कंपाइल करता येतो. मात्र या फोल्डरातला कंपायलर सी शार्प ५ वरच थांबला आहे; पुढचे कंपायलर वेगळे मिळतात.

भेद सर्वांत स्पष्ट झाला तो व्हिज्युअल स्टुडिओ २००८ मध्ये. त्यात प्रकल्पासाठी २.०, ३.० किंवा ३.५ यांपैकी कोणतेही फ्रेमवर्क निवडता येऊ लागले. २.० निवडूनही सी शार्प ३ मधला ‘व्हार’ हा शब्द वापरता येई, कारण त्याचा अर्थ कंपायलरच लावून टाकतो. लिंक (LINQ) ही डेटातून हवे ते शोधून काढण्याची सोय मात्र मिळत नसे, कारण तिला लागणारी लायब्ररी ३.५ बरोबर आलेली. भाषा, लायब्ररी आणि रनटाइम यांचे आवृत्ती-क्रमांक वेगवेगळे चालतात, हे अनेकांना इथे प्रथमच ठेचकाळून कळले. त्यात भर म्हणजे ३.० आणि ३.५ ही दोन्ही फ्रेमवर्क सीएलआर २.० वरच चालतात. नवा सीएलआर आला तो २०१० मध्ये, फ्रेमवर्क ४ बरोबर. ४.५ पासूनच्या आवृत्त्या ४ च्या शेजारी न बसता त्याचीच जागा घेतात. फोल्डरचे नाव जुनेच राहते, म्हणून ते पाहून नेमकी आवृत्ती ठरवणे धोक्याचे.

उलट दिशेनेही नाते सैलच आहे. व्हिज्युअल स्टुडिओत सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम डॉट नेटशिवाय बनतात. त्यांना ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ नावाचे वेगळे रनटाइम लागू शकते. (त्याच्या नावात ‘व्हिज्युअल’ आहे म्हणून ग्राहकाला स्टुडिओ घ्यावा लागत नाही.) लिनक्सवर मोनो या प्रकल्पाने २००४ मध्येच डॉट नेटचे प्रोग्रॅम चालवून दाखवले. खुद्द मायक्रोसॉफ्टचे डॉट नेट कोअर २०१६ मध्ये विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठी आले, आणि २०२० मध्ये डॉट नेट ५ या नावाने तीच मुख्य वाट ठरली. त्यात रनटाइम प्रोग्रॅमसोबतच बांधून देण्याची सोय आहे. मग ग्राहकाच्या संगणकावर आधीपासून डॉट नेट बसवलेले असावे लागत नाही.