साच्याची नक्षी म्हणजे ‘नकली’ नक्षी?

सिलिकॉनच्या साच्यातून अकँथसची (युरोपीय नक्षीत नेहमी दिसणारी, कातरलेल्या कडांची) पानं काढून जुन्या फोटोफ्रेमवर चिकटवली, की कुणीतरी म्हणतंच, ‘हे काही खरं नाही. पूर्वी सगळं हातानं कोरायचे!’

सगळं नाही हो. रोमन लोक भाजलेल्या मातीच्या नक्षीदार पाट्या साच्यात दाबूनच काढत. इमारतींवर त्या ओळीनं बसवत. १८व्या शतकात ब्रिटिश वास्तुकार रॉबर्ट ॲडमच्या दालनांत चौकटींवर आणि फायरप्लेसवर दिसणारी नाजूक नक्षी पुष्कळदा लाकूड कोरून केलेली नव्हतीच. खडूची पूड, सरस, जवसाचं तेल आणि राळ यांचा कणकेसारखा गोळा ऊन ऊन असतानाच साच्यात दाबायचा, लवचिक आहे तोवर लाकडावर बसवायचा. गार होऊन वाळला की टणक. याला ‘कॉम्पो’ म्हणत. वाफ दिली की पुन्हा मऊ, त्यामुळे गोलाईवरही वळवता येई. वेजवुड या इंग्लिश कंपनीच्या निळ्या भांड्यांवरच्या पांढऱ्या आकृत्याही छोट्या साच्यांतूनच निघतात.

मग हातकौशल्य कुठे होतं? साच्यात! कॉम्पोचे साचे बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडात उलटे कोरावे लागत. उंचवटा हवा तिथे खड्डा. सरळ कोरण्यापेक्षा मला तरी हे अवघडच वाटतं.

घरी करताना फसतं ते दुसरीकडेच. हवेत वाळणारी माती आकसते, मग लांब पट्टीला तडे जातात. साच्यात मातीचा थर पातळ ठेवा, सावकाश वाळू द्या. रंगवण्याआधी कडेचा जादा पापुद्रा घासून काढा. ‘नकली’पणा खरं तर तिथे दिसतो.