दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ का?

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या या मैदानावर डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे नागपूरकरांना सांगायला नको. स्तूपाचे काम मात्र १९७८ साली सुरू झाले आणि लोकार्पण डिसेंबर २००१ मध्ये झाले.

आकार सांचीच्या प्राचीन स्तूपाचा, हे कोणीही ओळखेल. सांचीचा मूळ गाभा मौर्यकाळातला, विटांचा. दगडी आवरण आणि कठडे नंतरचे, तोरणे त्याहून उशिराची. तिथल्या कठड्याच्या खांबांना खाचा पाडून सूची, म्हणजे आडव्या दगडी पट्ट्या, बसवल्या आहेत, अगदी सुतारी जोडणीसारख्या. दगडाला त्याची गरज नव्हती; जुन्या लाकडी कुंपणाची ओळख तेवढी जपली आहे. तोरणातून शिरले की सरळ पुढे जाता येत नाही, कठडा वळवतो आणि पाय आपोआप प्रदक्षिणेला लागतात. स्तूप भरीव, म्हणून आत जायचा प्रश्नच नाही.

नागपुरात हाच तपशील बदलला. इथे चारही दिशांना दारे आहेत आणि ती थेट आत नेतात. घुमट सुमारे १२० फूट व्यासाचा, आत बुद्धमूर्ती, अस्थिकलश आणि बसायला भरपूर जागा. परंपरेचा आग्रह धरणाऱ्याला हे खटकेल: आत सभागृह असले, तर तो स्तूप कसला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण कार्ल्याच्या लेणीत स्तूपासमोर लोकांनी जमावे म्हणून अख्खे चैत्यगृह कोरले आहे. तिथे सभागृहात स्तूप आहे, इथे स्तूपात सभागृह. शिवाय आंबेडकरांच्या ज्या अनुयायांसाठी ही वास्तू उभी राहिली, त्यांना १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या बंद दाराशी सत्याग्रह करावा लागला होता. त्यांच्या स्मारकाला बाहेरूनच वळसा घालायला लावणे शिल्पशास्त्रात बसले असते, इतिहासात नाही. धौलपूरच्या दगडाचे, वर कोरलेल्या हत्ती-घोड्यांचे कौतुक खूप होते. माझ्या मते खरा निर्णय या दारांचा.

अलीकडचा वाद भूमिगत वाहनतळाचा. खोदकामाने स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका पोहोचेल, या भीतीने १ जुलै २०२४ला लोक आवारात उतरले, बांधकामाची तोडफोड झाली आणि त्याच दिवशी कामाला स्थगिती जाहीर करावी लागली.