इझामल : पिवळ्या भिंतींआडचे दगड

मेक्सिकोतल्या युकातान राज्यात, मेरिदापासून पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवर इझामल आहे. दुकान, कचेरी, चर्च, घरं, सगळं हळद लावल्यासारखं पिवळं. हा रंग मात्र अलीकडचा. १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले, त्या निमित्तानं गाव रंगवलं गेलं असं सांगतात.

खरं जुनं आहे ते रंगाच्या आड. इसवी सनाच्या आधीपासून इथं माया लोकांची वस्ती होती आणि इत्झाम्ना देवाचं हे मोठं तीर्थक्षेत्र. चौकापासून चार पावलांवर किनिच काक मो हा पिरॅमिड आहे: पायाची लांबी जवळपास २०० मीटर. नावातच सूर्यमुखी अग्निरूपी मकाव पक्षी आहे. भर दुपारी तो आकाशातून उतरून नैवेद्य जाळतो, अशी श्रद्धा होती.

दुसरा मोठा पिरॅमिड, पाप होल चाक, स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी उतरवला आणि १५४९ च्या सुमारास त्याच्याच चौथऱ्यावर मठ बांधायला घेतला. दगड खाणीतून आणायची गरजच नव्हती. मठाच्या भिंती जवळून पाहिल्या तर चक्रव्यूहासारखी माया नक्षी कोरलेले चिरे अजून दिसतात. कुणी मुद्दाम दाखवायला ते बसवले नसणार. हाताला आला तो चिरा लावला.

या मठाशी जोडलेलं नाव फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा. चौकात त्याचा पुतळाही आहे. १२ जुलै १५६२ रोजी मानी गावात त्यानं मायांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. पोथ्यांचा आकडा २७ सांगितला जातो. अशा पोथ्या आज जगात जेमतेम चार उरल्यात. या अतिरेकाबद्दल त्याला स्पेनमध्ये चौकशीला सामोरं जावं लागलं. तिथंच, १५६६ च्या सुमारास, त्यानं मायांचं जगणं, पंचांग आणि लिपी यांवर ग्रंथ लिहिला. पुढं निर्दोष सुटून युकातानचा बिशप होऊन परतला, हा भाग मला पचत नाही.

लांदाला वाटलं, माया लिपीत स्पॅनिशसारखी मुळाक्षरं आहेत. त्याला लिपी सांगणारा माया माणूस मात्र स्पॅनिश अक्षराचं नाव ऐकून त्या उच्चाराचं चिन्ह काढत गेला. हाच घोळ १९५२ मध्ये रशियन अभ्यासक युरी क्नोरोझोव्हच्या लिपी उलगडताना कामी आला : चिन्हं अक्षरांची नाहीत, ‘मा’, ‘का’, ‘ती’ अशा उच्चारांची आहेत. लांदानं नमुन्यादाखल उतरवून घेतलेलं एक वाक्य आहे, ‘मा इन काती’. अर्थ : मला नकोय.