ब्रेकमधील हवा काढण्याची हातहत्यारे

मोटारगाडीच्या द्रवचलित ब्रेकमध्ये शिरलेली हवा बाहेर काढताना लागणारे पाने (स्पॅनर), नळ्या, हातपंप व तत्सम साधने. ब्रेक ऑइल दाबाखाली जवळजवळ आकुंचन पावत नाही, हवा मात्र सहज पावते. म्हणून नळ्यांत बुडबुडे राहिले, तर पॅडल मऊ लागते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पुरता पोहोचत नाही.

द्रवचलित ब्रेकच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकी अभियंते माल्कम लॉकहीड यांच्या १९१७ च्या सुमाराच्या पेटंटापासून सामान्यतः हा इतिहास सुरू केला जातो. काही लेखक तो ड्यूसेनबर्ग या अमेरिकी कंपनीच्या १९१४ मधील शर्यतीच्या गाड्यांपर्यंत मागे नेतात. चारही चाकांना असे ब्रेक असलेली पहिली प्रवासी गाडी म्हणून १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए चे नाव घेतले जाते, आणि विक्रीस आलेली गाडी हा निकष मानल्यास हाच दाखला अधिक ग्राह्य वाटतो.

हत्यारांची निवड मुख्यतः ब्लीडर निप्पलवर ठरते. कॅलिपरवर (डिस्क ब्रेकचा चाकाजवळील भाग) किंवा व्हील सिलिंडरवर (ड्रम ब्रेकमधील तसाच भाग) बसणारा, हवा बाहेर सोडण्याचा हा पोकळ स्क्रू असून त्याचे शंकूसारखे टोक आतल्या बैठकीवर दाबले गेले, की ऑइलची वाट बंद होते. पोकळपणामुळे तो नाजूक असतो, आणि त्याचा षटकोन बहुधा ७ ते ११ मिमी. एवढाच असतो. सहा कोनांचा रिंग पाना षटकोनाच्या सपाट बाजूंवर जोर देतो. बारा कोनांच्या पान्याचा जोर कडांजवळ पडतो, त्यामुळे गंजलेल्या निप्पलच्या कडा लवकर गोल होतात. अडचणीच्या जागी बारा कोनांचा पाना ३० अंशांवर पुन्हा बसवता येतो, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद खरा असला, तरी निप्पल पाव ते अर्धा फेराच सैल करावयाचा असल्याने येथे तो फारसा लागू पडत नाही. दोन तोंडांचा फिक्स पाना दोनच बाजू धरतो. सैल झालेला निप्पल फिरवण्यापुरताच तो ठीक. सॉकेटने पहिला झटका चांगला देता येतो, पण सॉकेट बसवल्यावर निप्पलवर नळी चढवता येत नाही. रिंग पाना मात्र आधी अडकवून त्यावरून नळी चढवली, की काम संपेपर्यंत काढावा लागत नाही. पाइपच्या नटांसाठी केलेला, तोंडाशी कापलेला फ्लेअर नट पाना संचात सोबत मिळतो, पण निप्पलवर तो रिंगपेक्षा सरस ठरत नाही.

इंची व मेट्रिक मापांची गल्लत हे षटकोन खराब होण्याचे एक प्रमुख कारण होय. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी.; त्यावर ८ मिमी. चा पाना चालून जातो. ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी., आणि त्यावर १० मिमी. चा पाना जवळपास अर्धा मिलिमीटर सैल राहून कडा खातो.

नळी पारदर्शक व निप्पलवर घट्ट बसणारी असावी, म्हणजे बुडबुडे दिसतात; तिचे दुसरे टोक बाटलीतील ऑइलात बुडलेले ठेवतात. एकट्याने काम करताना नळीत एकमार्गी झडप घालतात, म्हणजे पॅडल सोडल्यावर हवा परत आत शिरत नाही.

निप्पलकडून ऑइल ओढणारा निर्वात हातपंप की ब्रेक ऑइलच्या टाकीवर दाब देणारा पंप, याविषयी मतभेद आहेत. निप्पल सैल असताना निर्वात पंप आट्यांच्या फटीतूनही बाहेरची हवा ओढतो. त्यामुळे आतील हवा संपूनही नळीत बुडबुडे दिसत राहतात व ऑइल व्यर्थ जाते. आट्यांना ग्रीस लावून हा दोष कमी होतो. दाबाच्या पद्धतीत हा घोटाळा उद्भवत नाही. साधारण १ बार दाब पुरतो, मात्र टाकीच्या झाकणाला जुळणारा जोड लागतो. पॅडल दाबणारा मदतनीस असल्यास दोन्ही पंपांवाचून भागते. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पॅडलने ऑइलवर दाब देणारा मुख्य सिलिंडर) पॅडल तळापर्यंत नेल्यास न झिजलेल्या, गंजट भागावरून सील घासले जाते, म्हणून पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवण्याची रीत आहे.

डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ या प्रतींची ग्लायकॉल-ईथर ब्रेक ऑइले गाडीचा रंग खातात आणि हवेतील ओलावा शोषतात. खनिज तेलाने मात्र या प्रणालीतील रबरी सीले फुगतात; म्हणून इंजिन ऑइलासाठी वापरलेली पिचकारी, नरसाळे किंवा बाटली या कामाला घेऊ नये.

एबीएस (चाके जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) युनिटमध्ये हवा अडकल्यास आतील झडपा उघडण्यासाठी बहुधा निदानयंत्र जोडावे लागते, व तेथे हातहत्यारे अपुरी पडतात.