अंगणवाडी सेविका-मदतनीस व्हायचंय? जाहिरातीची वाट बघू नका, कागदं आधी जमवा

माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात येणाऱ्या बायांचा पहिला प्रश्न ठरलेला असतोय, "दादा, अंगणवाडीला किती द्यावं लागतंय?" फॉर्मची फी किती असं नाही विचारत, किती द्यावं लागतंय असं विचारतात, म्हणजे गावात कुणीतरी आधीच आकडा सांगून ठेवलेला असतो. तर उत्तर आधी घ्या, काहीच द्यावं लागत नाही. या भरतीत मुलाखत नाही, निवड गुणांवर होते आणि गुण निघतात मार्कशीटवरून अन् दाखल्यांवरून, त्याच्यात कुणाला वशिला लावायला जागा फार कमी. २ फेब्रुवारी २०२३ चा शासन निर्णय आहे त्याच्यात सगळं लिहिलेलं आहे. त्यातलं आपल्याकडच्या बायांना जिथं अडतं तेवढं मी इथं सांगतो, बाकीचं जाहिरातीत वाचायला मिळतंयच.

मी परभणी जिल्ह्यात सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटर चालवतो, आणि फॉर्म काढून काढून एवढं कळलंय की बाई मार्कांनी पडते असं कमी, कागदानं पडते असंच जास्त.

पात्रता तशी चार वाक्यांची आहे. सेविका असो का मदतनीस, दोन्हीला बारावी पास पाहिजे. मदतनिसाला पूर्वी सातवी चालायची आणि अजूनबी खेड्यात बायका तेच धरून बसल्यात, ते आता विसरा. वय १८ ते ३५, विधवा असेल तर ४० पर्यंत. हयात लेकरं दोनपेक्षा जास्त नकोत, त्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच द्यावं लागतं आणि त्यात खोटं लिहिलं तर गावातलंच कोणीतरी हरकत घेतंय, कारण तुमच्या घरी किती लेकरं आहेत हे गावापासून लपत नसतं. चौथी गोष्ट, अंगणवाडी ज्या गावात आहे, बाई त्याच गावची रहिवासी पाहिजे.

ही चौथी गोष्ट दिसायला सोपी आहे पण सगळ्यात जास्त अर्ज हिच्यावरच उडतात. "त्याच गावची" म्हणजे त्याच महसुली गावची, त्याच ग्रामपंचायतीची नाही. आपल्याकडं गट ग्रामपंचायती लई आहेत, एका ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात, सरपंच एक, ग्रामसेवक एक, मतदान पण एकाच वेळी, त्यामुळं बाईला वाटतं सगळं आपलंच गाव. पण अंगणवाडी एका महसुली गावात अन् बाईचं घर दुसऱ्यात असेल तर अर्ज चालत नाही. वाडी, वस्ती, तांडा त्या महसुली गावाखाली येत असेल तर मात्र तिथली बाई चालते. तुमचा तांडा कोणत्या महसुली गावात लागतो हे माहीत नसेल तर सातबाऱ्यावर वरच्या बाजूला गावाचं नाव असतं ते बघा, नाहीतर तलाठ्याला विचारा, पाच मिनिटांचं काम आहे. नगरपालिकेच्या हद्दीत रहिवासाचा हिशोब वेगळा लावतात, तो जाहिरातीत दिलेला असतो.

आमच्या वहिनीचं सांगतो. बारावीला चांगले ७० च्या वर टक्के, गावात तिच्या तोडीची दुसरी उमेदवार नव्हती. पण लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी तिचं नाव माहेरच्याच रेशन कार्डात, मतदार यादीत पण माहेरी, आधारवर पत्ता माहेरचा. जाहिरात लागली तेव्हा दहा-बारा दिवस हातात होते, तेवढ्यात आधार अपडेट झालं, रेशन कार्डातलं नाव काही कमी होऊन आलं नाही, आणि अर्ज अपात्र. मी स्वतः सीएससीवाला आणि माझ्याच घरात हे झालं, आई आजबी बोलून दाखवती. लग्न झालं की त्याच वर्षी नाव सासरच्या कार्डात घ्या, आधारचा पत्ता बदला, मतदार यादीत नाव टाका, भरती असो नसो.

बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर आणखी अवघड होतं. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात येतात, मधल्या काळात जाहिरात लागली तर बाई कारखान्यावर, कागदं घरात पेटीत कुलपात. जायच्या आधी सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमधी ठेवा आणि झेरॉक्सचा एक गठ्ठा घरी सासूकडं किंवा भावाकडं द्या, म्हणजे निदान धावपळ कोणीतरी सुरू करू शकेल.

आता नावाची भानगड. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, टीसीवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. तपासणाऱ्यानं ही एकच बाई आहे हे कशावरून मानायचं? त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लावा, ते ग्रामपंचायतीत मिळतं, नाहीतर राजपत्रात नाव बदलून घ्या. नुसतं बॉण्डवर लिहून आणलेलं बऱ्याच ठिकाणी परत करतात. जातीचा दाखला बाईला माहेरच्याच जातीचा लागतो, नवऱ्याचा चालत नाही, हे दर भरतीत कुणाला तरी नव्यानं सांगावं लागतंय. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडं निजामकाळच्या नोंदींवरून कुणबी दाखले निघालेत, तुमच्या वडिलांकडं नोंद सापडली असेल तर तुमचा स्वतःच्या नावाचा दाखला काढून घ्या, भावाच्या दाखल्याची झेरॉक्स लावून उपयोग नाही.

दाखल्यावर एवढा जोर का, तर गुणांमुळं. एकूण १०० गुण, त्यातले ७५ शिक्षणाचे. बारावीच्या टक्क्यांवर जास्तीत जास्त ६०, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण ६०, खाली प्रत्येक दहा टक्क्यांना पाच गुण कमी होत जातात. पदवीचे ५, पदव्युत्तरचे ४, डीएड २, बीएड २, एमएससीआयटी म्हणजे कॉम्प्युटरच्या कोर्सचे २. राहिलेले २५ असे की विधवा किंवा अनाथ असेल तर १०, एससी-एसटी असेल तर १०, ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) असेल तर ५, आणि सेविका, मदतनीस किंवा मिनी अंगणवाडीत किमान २ वर्षं काम केल्याचा अनुभव असेल तर ५. एमएससीआयटीचे दोनच गुण आहेत म्हणून बाया सोडून देतात, पण एका गावात चार-पाचच अर्ज असतात आणि निकाल एक-दोन गुणांवरच लागतो, मी डोळ्यानं बघितलंय. गुण सारखे आले तर शिक्षण जास्त असलेली बाई वर, तेही सारखं असेल तर वयानं मोठी असलेली वर.

विधवा असल्याचे गुण पाहिजेत तर नवऱ्याचा मृत्यू दाखला लागतो, आणि त्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव आधारसारखंच आहे का हे बघून घ्या. दुःखाच्या वेळी ग्रामपंचायतीत कुणीतरी नातेवाईक जाऊन नोंद करतो, घरी बोलायचं नाव लिहून येतो, आणि ते पुढं पाच वर्षांनी अडतं.

भाषेचा एक मुद्दा मराठवाड्यात महत्त्वाचा. मराठी लिहिता-वाचता यावंच लागतं. पण ज्या अंगणवाडीत निम्म्यापेक्षा जास्त लेकरं दुसरी भाषा बोलणारी आहेत तिथं ती भाषा येणारी बाई बघतात. देगलूर-बिलोली-धर्माबादकडं तेलुगू, उमरग्याकडं कन्नड, शहरांच्या वस्त्यांत उर्दू, तांड्यावर बंजारा बोली. अशा केंद्राची जाहिरात असेल तर त्यात भाषा दिलेली असते, ती वाचल्याशिवाय अर्ज टाकू नका. आणि तांड्यावरच्या पोरींनी तर ही संधीच समजावी, तीन वर्षाचं लेकरू गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतंय आणि बाईला कळत नाही असं कैक ठिकाणी चालूच आहे.

अर्ज कुठं करायचा, तर तालुक्याला एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचं ऑफिस असतं, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचं, तिथं. जाहिरात त्या ऑफिसात आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागते, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका, त्यात कितीदा जुन्याच जाहिराती तारीख खोडून फिरतात. अर्ज जाहिरातीतल्याच नमुन्यात भरायचा. सोबत टीसी, बारावीची मार्कशीट, पुढचं शिक्षण असेल त्याची कागदं, आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, लागू असेल तर मृत्यू दाखला, अनाथ दाखला, अनुभवाचा दाखला. सगळ्या झेरॉक्सवर स्वतःची सही करा. पाकिटात टाकून शिपायाच्या हातात देऊन येऊ नका, आवक नंबर टाकलेली पोच घ्या. शेवटच्या तारखेनंतर एकबी कागद घेत नाहीत, "दाखला निघायलाय, पावती लावली" हे चालत नाही.

मग तपासणी होऊन तात्पुरती यादी लागते आणि तिच्यावर हरकतीला मुदत असते. ही यादी लागल्या दिवशी जाऊन वाचा, आपले गुण स्वतः बेरीज करून बघा. चूक दिसली तर लेखी हरकत, पुन्हा पोच. फोनवर साहेबाला सांगितलं म्हणजे हरकत झाली असं नसतं.

जागा कधी निघतात याचं वेळापत्रक नाही, रिकाम्या होतील तशा निघतात. फेब्रुवारी २०२५ मधी राज्यात १८,८८२ जागांची मोठी भरती जाहीर झाली होती, त्यात सेविका ५,६३९ आणि मदतनीस १३,२४३. मदतनिसाच्या जागा निघायचं एक कारण असं, की सेविकेची जागा रिकामी झाली की आधी बारावी पास आणि दोन वर्षं काम केलेल्या मदतनिसाला तिथं घेता येतं, आणि मग मागं मदतनिसाची जागा उरते. म्हणून "मदतनीसचं काय करायचं" म्हणून नाक मुरडू नका, सेविका व्हायचा रस्ता बऱ्याचदा तिथूनच जातो.

पैशाचं सरळ सांगतो. ही सरकारी नोकरी नाही, मानधनी पद आहे, महागाई भत्ता नाही, पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सेविकेला महिना १३,००० आणि मदतनिसाला ७,५०० रुपये मानधन आहे, आणि कामाच्या निकषावर प्रोत्साहन भत्ता वेगळा. पोषण ट्रॅकर या मोबाईल अॅपमधी नोंदी वेळेवर नसतील तर हा भत्ता कापला जातो, आणि नेटवर्क नव्हतं हे कारण कोणी ऐकत नाही. बाळंतपणाला १८० दिवसांची पगारी रजा मात्र आहे, ती मागायला लाजू नका.

लागल्यावर पहिल्या महिन्यातच करून घ्यायची कामं आहेत आणि बाया नेमकी हीच राहू देतात. एक म्हणजे प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन. वय १८ ते ४० आणि महिन्याची कमाई १५ हजारापर्यंत असणाऱ्यांना, पीएफ-ईएसआय नसेल तर, साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. तुम्ही भराल तेवढंच सरकार भरतं. तिसाव्या वर्षी नाव घातलं तर महिना १०५ रुपये, पस्तिसाव्या वर्षी १५०, चाळिसाव्या वर्षी २००. आधार आणि बँक पासबुक घेऊन कुठल्याबी सीएससीत या, पहिला हप्ता रोख, पुढचे खात्यातून कापले जातात. चाळिशी ओलांडली की दार बंद, आणि सेविकांचं मानधन आता १५ हजाराच्या काठाजवळ आलंय, त्यामुळं करायचं तर आत्ताच.

दुसरं आयुष्मान कार्ड. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम बजेटमधी आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना आयुष्मान भारतमधी घेतलं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार. कार्ड काढायला आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. तिसरं विमा, जीवनज्योती आणि सुरक्षा बीमा, दोन्हीत दोन-दोन लाखाचं कवच. सुरक्षा बीमा फक्त अपघाताचा आहे, त्याला पंचनामा-एफआयआर लागतो, आणि क्लेम महिन्याच्या आत टाकायचा असतो. वारस म्हणून कुणाचं नाव घातलंय हे घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर पैसे आहेत हेच त्यांना माहीत नसतं.

सेवा संपताना राज्याकडून एकरकमी रक्कम मिळते, सेविकेला १ लाख, मदतनिसाला ७५ हजार. ग्रॅच्युइटीचा विषय यापेक्षा मोठा आहे. २५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या केसमधी सांगितलं की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडी सेविका-मदतनिसांना लागू होतो. ४ डिसेंबर २०२३ पासून आपल्याकडं जो पन्नास दिवसांवर संप चालला त्यातबी ही मागणी होती. तो पैसा कधी हातात पडायचा तेव्हा पडो, हिशोब सलग सेवेच्या वर्षांवर होणार, आणि तेव्हा तुमच्याकडं मागणार ती नेमणुकीची ऑर्डर, रुजू झाल्याचा रिपोर्ट आणि मदतनीसची सेविका झालात त्या दिवसाचं पत्र. वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या बाया येतात आणि हातात काहीच नसतं, ऑर्डर पुरात गेली, उंदरानं खाल्ली, ऑफिसात फाईल सापडत नाही. नेमणूक मिळाल्या दिवशी तिचे दोन-तीन झेरॉक्स आणि एक स्कॅन करून घ्या. ओरिजिनल ऑर्डरीला लॅमिनेशन मात्र करू नका, पुढं कुणाला तिच्यावर शेरा-शिक्का मारायचा असला तर मारता येत नाही अन् सोलायला गेलं की अक्षरं निघून येतात.