बाथरूममधला १२ व्होल्टचा दिवा सुरक्षित असतो तो नेमका कशामुळे?

बाथरूमच्या छतात किंवा आरशावर छोटे दिवे लावायचं ठरलं की कोणीतरी सांगतंच, "१२ व्होल्टचे लाव, शॉकच लागत नाही". हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं नीट कळलं नाही तर १२ व्होल्टचा दिवा लावूनही बाथरूम आधीइतकंच धोक्याचं राहू शकतं, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडावासा वाटतो.

आधी शॉकचं बघू. आपण व्होल्टेजला घाबरतो पण शरीराचं नुकसान करतो तो शरीरातून वाहणारा करंट, आणि तो फार थोडा असला तरी पुरतो. अर्धा मिलिअँपिअर म्हणजे नुसती मुंग्या आल्यासारखी जाणीव. दहाच्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडायची म्हटली तरी सोडता येत नाही. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डाल्झिएल या प्राध्यापकांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांवर हे मोजलं होतं, त्यात हात सोडवता येण्याची मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये साधारण साडेदहा मिलिअँपिअर निघाली. त्याच्या वर गेलं आणि करंट काही सेकंद टिकला तर श्वास अडकतो, मग हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकललंच जात नाही. एक साधा एलईडी बल्ब सुद्धा याहून जास्त करंट घेतो, इतका हा आकडा लहान आहे.

आता करंट किती जाणार हे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा. कोरड्या त्वचेचा रेझिस्टन्स हजारो ओहम असतो, पण अंघोळ करताना त्वचा भिजलेली, पायाखाली पाणी, हात नळावर, अंगावर कपडेही नाहीत, अशा वेळी तो हजार ओहमपर्यंत सहज खाली येतो, पाण्यात बसलेलं असताना तर आणखी कमी. हिशोब करून बघा, २३० व्होल्टला हजार ओहमनी भागलं की २३० मिलिअँपिअर, म्हणजे सरळ जीवघेणा करंट. आणि १२ व्होल्टला भागलं की १२ मिलिअँपिअर.

इथे थांबून विचार करायला हवा, कारण १२ मिलिअँपिअर म्हणजे काही शून्य नाही. हात सोडवता येण्याच्या मर्यादेच्या अगदी काठावरचा आकडा आहे तो. मग बहुतेक देशांचे नियम पाण्याच्या टबात सुद्धा १२ व्होल्ट चालवून कसे घेतात? तर ते नुसत्या १२ व्होल्टला परवानगी देतच नाहीत, सोबत एक अट घालतात. ती अट म्हणजे हा १२ व्होल्टचा सप्लाय मेन लाइनपासून पूर्ण तुटलेला हवा आणि त्याला अर्थिंगही केलेलं नको. या व्यवस्थेला सेल्व्ह (SELV) म्हणतात, म्हणजे मेनपासून वेगळा ठेवलेला अगदी कमी व्होल्टेजचा सप्लाय.

अर्थिंग नको हे ऐकून बरेच जण दचकतात, कारण अर्थिंग म्हणजे सुरक्षितता हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण घरात येणाऱ्या लाइनचा न्यूट्रल मागे कुठेतरी जमिनीला जोडलेला असतो, म्हणून जमिनीवर उभं राहून नुसत्या फेजला हात लागला तरी करंटला परत जायचा रस्ता मिळतो, फेजमधून शरीरात, शरीरातून जमिनीत, जमिनीतून न्यूट्रलकडे. सर्किट पूर्ण. याउलट असा तुटलेला सप्लाय देणाऱ्या आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूची वायर जमिनीला कुठेच जोडलेली नसते. तिथली एक वायर ओल्या हाताने धरली आणि दुसरा हात नळावर ठेवला तरी करंटला परत जायला वाटच नाही, त्यामुळे जवळपास काहीच वाहत नाही. दोन्ही वायर एकाच वेळी धरल्या तरच करंट जाईल, आणि तेव्हा व्होल्टेज फक्त १२ आहे हे कामाला येतं. म्हणजे तुटकपणा हे पहिलं संरक्षण आणि कमी व्होल्टेज हे दुसरं. माझ्या मते तुटकपणा जास्त महत्त्वाचा, आणि बोललं मात्र फक्त व्होल्टेजबद्दल जातं.

म्हणूनच १२ व्होल्ट कुठून येतात हा खरा प्रश्न आहे. चांगल्या सेफ्टी ट्रान्सफॉर्मरमध्ये आत येणारी आणि बाहेर जाणारी अशी दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, वेगळी असतात आणि त्यांच्यात दुहेरी इन्सुलेशन असतं, जे काही हजार व्होल्ट लावून तपासलेलं असतं. पण व्होल्टेज कमी करायचे इतर मार्गही आहेत. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं, आणि काही अगदी स्वस्त एलईडी ड्रायव्हरमध्ये (एलईडीला लागणारा कमी व्होल्टेजचा सप्लाय देणारा डबा) नुसता कपॅसिटर लावून व्होल्टेज पाडलेलं असतं. मल्टिमीटर लावला तर दोन वायरींमध्ये कमी व्होल्टेजच दिसेल आणि आपल्याला वाटेल सगळं ठीक आहे, पण त्या दोन्ही वायरी जमिनीच्या तुलनेत मेनच्या व्होल्टेजला असू शकतात! अशा ड्रायव्हरवरची एलईडीची पट्टी ओल्या आरशामागे लावणं म्हणजे उघडी फेज लावण्यासारखंच आहे. ड्रायव्हर घेताना त्यावर आउटपुट सेल्व्ह आहे असं लिहिलंय का ते बघायचं, लिहिलेलं नसेल तर बाथरूमसाठी तो घ्यायचाच नाही. दिव्यावर तिरप्या चौकोनाच्या आत रोमन तीनचा आकडा (III) दिसला तर तो दिवा अशाच सप्लायसाठी बनवलेला आहे. चौकोनात चौकोन ही खूण वेगळी, ती दुहेरी इन्सुलेशनची, आणि तशा वस्तूला मेनचा पूर्ण व्होल्टेज जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट जागेची. दिवा १२ व्होल्टचा असला तरी ट्रान्सफॉर्मरपर्यंत मेनचीच लाइन येते, मग ट्रान्सफॉर्मर शॉवरच्या वर छतात ठेवून काय मिळवलं? आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ७०१ क्रमांकाच्या भागात बाथरूमचे झोन पाडलेत. टबाच्या किंवा शॉवर ट्रेच्या आतली जागा झोन ०, तिच्या वर जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंत झोन १, आणि त्याच्या बाजूला आणखी ६० सेंटिमीटर झोन २. शॉवरखाली ट्रे नसेल तर पाणी लांब पसरतं, म्हणून झोन १ शॉवरपासून १.२ मीटरपर्यंत वाढतो. झोन ० मध्ये सेल्व्हच, ती पण एसी (सतत दिशा बदलणारा करंट, घरच्या लाइनसारखा) १२ व्होल्ट किंवा डीसी (एकाच दिशेचा, बॅटरीसारखा) ३० व्होल्टपर्यंत, आणि ट्रान्सफॉर्मर या सगळ्या झोनच्या बाहेर. डीसीला जास्त सूट आहे कारण ५० हर्ट्झचा एसी स्नायूंना आणि हृदयाला तेवढ्याच डीसीपेक्षा जास्त बिघडवतो. देशादेशांच्या नियमांत तपशील थोडे बदलतात पण पाया बहुतेक ठिकाणी हाच आहे. शिवाय दिव्याचं आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाणी आत जाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारे दोन आकडे, बघावं, त्यातला दुसरा आकडा पाण्याचा, ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे चालतात आणि ७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतं.

आता मेनच्या बाजूचं काय, कारण गिझर आणि एक्झॉस्ट फॅन तर १२ व्होल्टवर चालणार नाहीत. तिथे आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट जमिनीकडे गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. घरात एमसीबी (करंट फार वाढला की लाइन तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त असलेली माणसं खूप दिसतात आणि त्याची खरंच काळजी वाटते, कारण एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला तुमच्या शरीरातून जाणारा पाव अँपिअर कळणारसुद्धा नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो, फरक ३० मिलिअँपिअर झाला की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि फरक मोठा असेल तर त्याहून खूप लवकर लाइन तोडतो. तो करंट कमी करत नाही हे लक्षात घ्या, फक्त वेळ कमी करतो, शॉक जाणवतोच. पण हृदयाचा एक ठोका साधारण ०.८ सेकंदाचा आणि त्यातला नाजूक काळ अगदी छोटा, त्यामुळे करंट लवकर तुटला की जीव वाचायची शक्यता खूप वाढते. एक मर्यादाही आहे, फेज आणि न्यूट्रल दोन्हीला एकदम हात लागले आणि जमिनीकडे काहीच गेलं नाही तर त्याला फरक दिसत नाही आणि तो ट्रिप होत नाही. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा, दाबल्यावर लाइन गेली नाही तर तो बदलायला झालाय.

कमी व्होल्टेजचा एक तोटा मात्र कोणी सांगत नाही आणि तो आगीचा आहे. जुना ५० वॉटचा हॅलोजन १२ व्होल्टवर साधारण ४.२ अँपिअर घेतो, २३० वर तेवढ्याच वॉटला ०.२२ पुरतो. करंट १९ पट म्हणजे त्याच वायरमध्ये उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत, साडेतीनशे पटीहून जास्त. सैल स्क्रू, बारीक वायर, आणि वरून हॅलोजनचा रिफ्लेक्टर बरीचशी उष्णता मागे छतात सोडणारा, अशाने कनेक्टर वितळतात आणि छतावर पसरलेलं उष्णतारोधक इन्सुलेशन करपायला लागतं. शॉक लागत नाही म्हणून तिकडे कोणी बघतही नाही. एलईडीने हा करंट खूपच कमी केला, पाच वॉटला अर्ध्या अँपिअरच्याही आत. पण जुन्या हॅलोजनच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर नुसते एलईडी बल्ब बदलून लावले तर ते बऱ्याचदा फडफडतात, कारण त्या ट्रान्सफॉर्मरला चालायला कमीत कमी २० वॉट किंवा त्याहून जास्त लोड लागतो. तेव्हा ट्रान्सफॉर्मर काढून सेल्व्ह आउटपुटचा एलईडी ड्रायव्हर बसवून घ्यावा, मेन बंद करून आणि लायसन असलेल्या वायरमनकडूनच, आणि त्याने छत उघडलंच आहे तर जुन्या वायरींची टोकं करपलेली नाहीत ना हेही त्याच वेळी बघायला सांगावं.